काटा

पहाटे पाचला, बर्फाच्या पेट्या उतरवण्याआधी,
ओदेत एक पान काढते.
एकच. पालथ्या क्रेटवर, हातमोजे काढून.
पत्ते पिसताना बोटांना माशांचा वास असतोच,
म्हणून सगळा जोड थोडा फुगलेला, कडांना खारट,
आणि 'तारा' तर नाहीच,
तो कधीतरी मार्सेच्या धक्क्यावरून पाण्यात गेला.
त्याच्या जागी तिनं बिअरच्या खोक्याचा तुकडा कापून घातलाय.
तो आला की म्हणते,
आज आशा पुठ्ठ्याची आहे. चालेल.

पहिल्याच आठवड्यात मी विचारलं होतं,
माझे कागद कधी होतील?
तिनं गठ्ठ्याला रबरबँड लावलं.
"त्यासाठी कचेरीत जा, लवकर जा, रांग मोठी असते.
पानाला पुढचं काही कळत नाही, एशाती.
पान फक्त विचारतं.
आणि उत्तर ठाऊक असलेलंच विचारतं, मेलं."

मी कॉफी ओतता ओतता बघायचे,
दुसऱ्याच्या प्रार्थनेकडे बघावं तसं,
जरा तिरकं.

नोव्हेंबरात तीन दिवस मिस्त्राल सुटला होता,
तेव्हा आठवं पान आलं. न्याय.
सिंहासनावर बाई, एका हातात तलवार, एका हातात तराजू.
डोळ्यांवर पट्टी नाही.
सुटे पैसे परत मागणाऱ्या गिऱ्हाइकासारखी
सरळ बघते.
ओदेतनं ते गठ्ठ्यात सारलं.
दुसऱ्या दिवशी पुन्हा आठवंच.
तिसऱ्या दिवशी म्हणाली, वारा फार आहे,
आणि काढलंच नाही.

चौथ्या दिवशी मला हाक मारली.
"कोपर बघ."
तराजू धरलेल्या हाताचं कोपर
पारड्याला हळूच टेकलेलं.
छापणाऱ्याची चूक असेल, मी म्हटलं.
"असेल," म्हणाली,
आणि स्वतःचं कोपर चोळत बसली.

आमचा काटा चाळीस ग्रॅम पुढे होता.
जुलैपासून.
मला माहीत होतं. तिला माहीत होतं.
चाळीस ग्रॅम म्हणजे दोन बारक्या सार्डिन,
आणि दिवसाला नव्वद गिऱ्हाइकं.
मापात पाप म्हणायला सोपं आहे.
मापात माझं भाडं होतं.

तिनं स्क्रू फिरवला. शून्यावर नाही,
शून्याच्या मागे, चाळीस.
ज्यांना कमी दिलं त्यांचा पत्ता कुठून आणू, म्हणाली,
पाच महिने खाल्लं, पाच महिने ओकूया.
डिसेंबरात माझा पगार बारा दिवस उशिरा झाला.
मी तोंड भरून शिव्या दिल्या,
पानाला, बाईला, तिच्या कोपराला.

मग एका शनिवारी ताव्हेला मास्तर आले,
निवृत्त, गणिताचे, टोपी छातीशी धरून.
कागदात गुंडाळलेल्या दोन सार्डिन फळीवर ठेवल्या.
"जास्त आल्या."
घरी वजन करता?
"नेहमीच."
म्हणजे उन्हाळ्यातही...
"उन्हाळ्यातही," ते म्हणाले.
"तेव्हा बोललो नाही. म्हटलं, भांडण कशाला.
आताही नाही बोललो, तर मी कोण?"
ओदेतनं त्या मांजराला टाकल्या.
कोणी हसलं नाही. मांजर तेवढं खूश.

काल तिनं गठ्ठा माझ्यापुढे सरकवला.
काढ, म्हणाली, भीती वाटते का?
मोरोनीत आईला वाटतं
मी अजून नर्सिंग शिकते.
मार्चपासून वाटतं.
दर रविवारी मी तिला वॉर्डातल्या गोष्टी सांगते,
नावांसकट, आजारांसकट;
एक म्हातारी तर मी इतकी जगवलीय
की आई तिच्यासाठी दुवा मागते.

कुठलंही पान आलं असतं
तरी ते तेच विचारणार होतं.
मी हातमोजे काढले.
बोटं गठ्ठ्यापर्यंत गेली.
मग खिशात गेली, फोनकडे.

तिकडे सात वाजले असतील.
घंटी वाजतेय.
म्हातारीचं काय सांगू, ते अजून ठरलेलं नाही.