मावत नाही ते

आधी भिजत घालायचं.
जितके फूट लांबी, तितके दिवस,
असं बाप सांगायचा.
मग ओल्या गोणपाटाखाली एक रात्र.
आपण कापले गेलोय, हे विसरायला
वाळुंजाच्या फोकांना तेवढा वेळ लागतो.

माझा बाप, जेबेझ गॅड,
पॅरेट नदीच्या या सपाट, पाणथळ मुलखात
आयुष्यभर मावणाऱ्या वस्तू विणत बसला.
बटाट्यांच्या पाट्या. त्याची पाटी शिगोशीग भरली
की वजनकाट्याकडे कुणी बघायचं नाही.
पावाच्या टोपल्या.
ईल माशांचे सापळे, ज्यात आत शिरता येतं
बाहेर येता येत नाही;
लग्नासारखं, आई म्हणायची, त्याच्या देखत.
युद्धात कबुतरांच्या पेट्या,
विमानातून छत्रीने खाली सोडायच्या.
शेवटी आईची शवपेटी.
त्याची मी विणली.
खांद्यापाशी जरा अरुंद झाली, पण
तो कुरकुरला नाही.

मग पाव पिशवीतून यायला लागला
आणि बटाटे निळ्या क्रेटमधून.

आता मी ससे विणते.
मान वळवलेली हरणं, टॉन्टनच्या बायकांच्या हिरवळीसाठी,
एक रानडुक्कर, एका दंतवैद्याच्या कारंज्याशेजारी.
आणि हंस. हंसांना मागणी फार.
दोन कड्या एकमेकींत अडकवायच्या,
बुडखे पोटाकडे, शेंडे शेपटीकडे,
मानेला सात फोक, पिळून,
नाहीतर उन्हाळ्यापर्यंत ती खाली लोंबते.
डोळे मी करत नाही.
पोट खालून उघडं ठेवते, पाणी साचू नये म्हणून.

यात मावतं काय? बापाने विचारलं असतं.
वारा, मी म्हटलं असतं.
तोही थांबत नाही.

जानेवारीत नदी रात्रीची आली.
अंगणात एका हॉटेलचे अकरा हंस उभे होते,
आगाऊ पैसे घेऊन झालेले, खर्चूनही.
सकाळी खिडकीतून पाहिलं तर
चर्चच्या मनोऱ्यापर्यंत नुसतं पाणी,
करडं, इस्त्री केल्यासारखं,
आणि हंस गेलेले.
खरं सांगते, आधी मला हसूच आलं.
इतकी वर्षं विणले,
एकालाही पोहता येतं का, कधी बघितलं नव्हतं.

पाणी उतरायला सात आठवडे लागले.
फोन येत राहिले.
क्लेम पोपलच्या फाटकावर एक, मान गजांत अडकलेली.
एक कुंपणावर, माणसाच्या डोक्याहून उंच.
एक चर्चच्या दारात, रविवारीच सापडला,
त्यावर पाद्रीबुवा पुढचा आठवडाभर बोलले.
पोस्टाच्या लोवेनाने एकाला गाडीतून आणलं,
शेजारच्या सीटवर, पट्टा बांधून.

नऊ परत आले.
कुणीच रिकाम्या पोटी नव्हता.
गाळ, काटक्या, डिझेलचा वास,
एक लहान मुलाचा बूट, डावा,
एक बुडून मेलेली चिचुंद्री,
आणि एकाच्या पोटात सफरचंदं,
वरून काळी पडलेली, आत अजून पांढरी.
बूट मी धुऊन खिडकीत ठेवला.
न्यायला कुणी आलं नाही.

हॉटेलला डागाळलेले हंस नको होते.
त्यांचं बरोबर आहे.

काल त्यातला एक उताणा करून
मी त्यात बटाटे भरून पाहिले.
सतरा मावले.
अठरावा मानेच्या तोंडाशी अडला,
ढकलला तर पीळ कुरकुरला, पण तुटला नाही.
सतरा, मी मोठ्याने म्हटलं.
अंगणात कुणीच नव्हतं.
मग सगळे परत बाहेर काढले,
हंस उभा केला
आणि उरलेल्या दोघांची वाट बघायची नाही असं ठरवून
पुढचे फोक भिजत घातले.