जागं असल्याचं सोंग

नेल्लिमच्या थांब्यावर फिरत्या ग्रंथालयाची बस थांबते.
बाहेर उणे एकतीस.
मारेत लॅपटॉपचं झाकण उघडते.
पडदा उजळतो, घड्याळ बरोबर,
मागच्या गावात अर्धवट राहिलेली यादी जशीच्या तशी.
नेटवर्क तेवढं नाही.

पायरीवर यौनी,
काखेत तीन पुस्तकं, मिशीवर बर्फ.
"पुन्हा झोपलं का तुझं यंत्र?"
"उठलंय हो. तेच तर."

झोपेचं सोंग घेतलेल्याला उठवता येत नाही म्हणतात.
याची तऱ्हा उलटी:
हे जागं असल्याचं सोंग.

रात्री इवालोच्या गॅरेजमध्ये
ती नोंदी वाचत बसते.
ड्रायव्हरने जागं होताच कार्डाला विचारलं: कसा आहेस?
उत्तर आलं: एक एक एक एक,
बत्तीसच्या बत्तीस बिट एक.
म्हणजे घरात कोणीच नाही,
आपलीच हाक भिंतीवरून परत आली.
ड्रायव्हरला ते होकारासारखं वाटलं.
त्याने सगळी मांडणी केली,
पत्ते, रांगा, खुणा,
रिकाम्या घरात.

दुसरा ड्रायव्हर, बसचा, ओव्ला,
फडक्याला हात पुसत मागे येऊन उभा.
त्याला कोडमधलं ओ की ठो कळत नाही.
"घाई करतंय का ते?" एवढंच विचारतो.
"डिझेलला चावी दिली की लगेच स्टार्टर मारायचा नसतो.
तो पिवळा दिवा विझेपर्यंत थांबायचं.
माझ्या बापाने दोन बॅटऱ्या घालवल्या
हे शिकायला."

मारेत हसत नाही.
खुर्ची पुढे ओढते.

एक छोटं चक्र लिहिते:
विचार. सगळे एक आले तर थांब.
पुन्हा विचार.
कार्डाने स्वतःचं नाव सांगितलं
की मगच मांडणी.
आणि कायमचं नाही थांबायचं,
हेही लिहावं लागतं.
सात ओळी. त्यातली एक नुसता कंस.

मग झाकण बंद, झाकण उघड,
चाळीस वेळा.
एकोणचाळीस वेळा नेटवर्क आलं.
सतराव्या वेळी का नाही आलं
ते तिला अजून माहीत नाही.
वहीत "१७?" लिहून ठेवलंय.

गुरुवारी नेल्लिम.
झाकण उघडल्यावर एक श्वास काचेवर गोठेल
एवढा उशीर,
आणि यौनीचं खातं समोर.
त्याच्या काही लक्षात आलं नाही.
"मोठ्या अक्षरातलं काही आणलंस का?"
आणायचं राहिलं होतं.