पाहुण्यांचा रंग

नियम साधा आहे, मंडळाच्या वहीत एका ओळीत मावतो:
रंग सारखे दिसले तर बदलायचे पाहुण्यांनी.
उरलेलं ठरवायला आम्हाला
तीन बैठका लागल्या, आणि एक किटली जळाली.

मी ग्वेनिथ पास्को. कपडे माझ्याकडे असतात.
बावीस जर्स्या, बिनबाह्यांच्या,
मोजून नेते, मोजून आणते,
शनिवारी रात्री भिजत, रविवारी तारेवर.

आमची गडद निळी, छातीवर लाल पट्टा.
बुलारूकची काळी, छातीवर लाल पट्टा.
जुलैच्या ढगाळ दुपारी दोन्ही एकच.
गेल्या मोसमात आमच्या धाकट्या ट्रेजिलसने
चेंडू लाथेने असा अचूक धाडला
की थेट त्यांच्याच माणसाच्या छातीत.
मैदानाभोवतीच्या मोटारींचे भोंगे वाजले.
त्यांच्या मोटारींचे.

मग आम्ही गवतावर जर्स्या पसरल्या
आणि हॅमिशला पाठवलं लांबच्या गोलखांबांशी.
हॅमिश गोलपंच, वय एकोणसत्तर.
लाल आणि हिरवा त्याला जन्मापासून एकच;
कोवळ्या गव्हात पडलेली त्याची लाल टोपी
अजून तिथेच असणार.
कोणीतरी म्हणालं, याला कशाला विचारायचं?
मी म्हटलं, मग कोणाला? ज्यांना दिसतं त्यांना?

पांढरी ठेवली. दिसते! तो ओरडला.
पण पांढरी म्हणजे माझे हात.
दुसऱ्या सत्राअखेर तिचा चिखल होतो,
आणि चिखलाला कुठला आलाय क्लब.
राखाडी ठेवली. ठेवा ना, म्हणाला. ठेवली होती.
लाल अंगावर निळा पट्टा: हे तर मघाचंच.
खजिनदाराने एक पिवळीजर्द काढली,
पोटभर बियाण्यांच्या कंपनीचं नाव.
त्यावर कोणीच काही बोललं नाही.

तेव्हा लोर्ना नॉस्के उठली.
ती डनेरीची.
डनेरी म्हणजे आता धान्याची एक उंच कोठी
आणि गोळ्यांनी भोकं पडलेली गावाच्या नावाची पाटी.
चौदा वर्षांपूर्वी त्यांच्याकडे अकराच खेळाडू उरले,
आणि त्यांचा क्लब आमच्यात मिळाला.
मिळाला, असं आम्ही म्हणतो.
ती म्हणते, विरघळला.
नाव आमचं राहिलं, मैदान आमचं, रंग आमचे.
त्यांचा फक्त रोलर आला.
चांगला आहे रोलर.

डिकीतून तिने आणली
फिकट आकाशी जर्सी, तिच्यावर तिरपा पिवळा पट्टा.
डांबरगोळ्यांचा वास, पाठीवर नऊ,
काखेतलं भोक कोणीतरी वेगळ्याच लोकरीने विणून बुजवलेलं.
गवतावर ठेवली, घडी मोडली, बाजूला झाली.
लांबून हॅमिशने दोन्ही तर्जन्या पुढे केल्या,
गोल झाल्यावर करतो तशा.

मतं नऊ विरुद्ध दोन.
त्या दोघांची नावं मला माहीत आहेत.
त्यांच्याही नातवांच्या जर्स्या मीच धुते.

आता सारख्या रंगाकडे खेळायला जायचं असलं
की मी दुसरी पेटी काढते.
डनेरीचे लोक येतात, जिथे जिथे पांगले तिथून,
मोटारी कुंपणाला लावतात, थर्मास उघडतात,
गोल कोणाचाही होवो, भोंगे वाजवतात.
पोरं कुरकुरतात, काखेत काचते म्हणून.
धाकट्या ट्रेजिलसने विचारलं, हा रंग कोणाचा?
पाहुण्यांचा, मी म्हटलं.
मग वाटलं, चुकीचं सांगितलं,
पण तोवर सामना सुरू झाला होता.

मार्चमध्ये वेळापत्रक येतं.
लोर्नाचा फोन त्याच संध्याकाळी.
कशी आहेस विचारत नाही,
यंदा किती वेळा, एवढंच.
दोनदा, मी म्हणते.
बाद फेरीत पोचलात तर?
तर तीनदा.
पोचा मग, ती म्हणते, आणि फोन ठेवते.