हातोडीचा कान

चौतीस वर्षं भुसावळच्या यार्डात
मी चाकं ठोकली.
गाडी थांबली की खाली वाकायचं, हातोडी मारायची,
ठण्ण आलं तर पुढे,
ठप्प आलं तर खडू, फुली, डबा बाजूला.
जानेवारीत, रात्री दोनला, कानटोपी न घालता,
कारण कान झाकून ही नोकरी होत नाही.

आणि घरात, खिडकीत, हाताच्या अंतरावर
एक झाड बुडापासून काळं पडत गेलं
नि मला ऐकू आलं नाही.

जिरेनियम. रेमंडबाईंचं.
रेल्वे शाळेतून निवृत्त होऊन मुलाकडे नागपूरला निघाल्या,
रिक्षात बसता बसता कुंडी माझ्या हातात दिली:
‘भूल गए तो भी चलेगा, फेगडेजी.’

मला विसरता येत नाही.
मे महिना, शेहेचाळीस अंश.
पानं मान टाकायची, मी तांब्या उचलायचो.
पुन्हा मान, पुन्हा तांब्या.
तहान आणि बुडणं बाहेरून सारखंच दिसतं.
द्वारका म्हणायची, ‘अवो, त्याले इतकं पानी कायले?’
मी म्हणायचो, उन्हाळा आहे.

खालची पानं पिवळी झाली, गळाली.
मातीजवळ खोड शाईसारखं,
दाबलं तर भाजल्या वांग्यागत बोट आत.

तेव्हा कुठे चष्मा लावून
ड्यूटीवर असल्यासारखा वाकलो.
कुंडीखाली स्टीलची ताटली,
फरशीला डाग पडू नये म्हणून मीच ठेवलेली,
तिच्यात दोन बोटं पाणी, पाण्यात मेलेला डास.
भोक बुजलेलं.
कूलरचा ओला वारा रात्रभर त्याच्याच तोंडावर.
माती काळी, मामांच्या केळीच्या वावरातून मुद्दाम आणलेली,
केळीला सोसते तर यालाही सोसेल, असं धरून.
सगळ्या फुल्या माझ्याच नावावर.

हातोडी नव्हती. चमचा घेतला, कुंडीवर मारला.
ठप्प.
बाजूच्या रिकाम्या कुंडीवर मारला.
ठण्ण.
एवढंच होतं. एवढंच तर मला येत होतं.

ब्लेड गॅसवर धरलं.
पहिला काप: आत तपकिरी कडं.
वर: अजून कडं, फिकट.
आणखी वर. द्वारका म्हणाली, ‘काही उरीन का नाही?’
चौथ्या कापाला हिरवं आलं, काकडीसारखं स्वच्छ.
उरलं चार बोटं. दुसऱ्या फांदीचं तीन.

दिवसभर सावलीत तसंच ठेवलं, जखम सुकू दिली.
तापीची जाड वाळू तव्यावर भाजली
(शेजारची पोरं शेंगदाणे समजून येऊन बसली).
जुनी माती उकिरड्यावर, कढीपत्त्यालाही नाही.

तीन बोटांचं सातव्या दिवशी काळं झालं.
ते आधीच ठप्प होतं. मी उगाच धरून बसलो.

चार बोटांचं उभं आहे.
मुळं आली का, हे उपटून बघायचं नाही,
माझ्या हाताला अजून पटत नाही.
ताटली द्वारकेने पापडांना नेली.
कूलरचं तोंड आता माझ्याकडे.

पहाटे कुठलीतरी गाडी यार्डात शिरते.
चाकांचं आता यंत्रं ऐकतात म्हणे.
मी तांब्या भरून खिडकीशी येतो,
चमचा मारतो.
ठण्ण, असं वाटतं.
तरी द्वारकेला विचारतो,
उजव्या कानाचं हल्ली काही खरं नाही.
ती आतूनच म्हणते, ‘हाव, ठण्णच. पन उद्या टाका.’

तांब्यातलं पाणी मी पिऊन टाकतो.