खिडकी पोट आत घेत नाही

कमरेभोवती टेप फिरवला की बायका श्वास रोखतात.
मी म्हणते, सोडा बाप्पा, सोडा,
श्वासालाही जागा लागते ब्लाउजात.
त्या हसतात, आणि हसतानाचं माप
मी पटकन वहीत उतरवते:
छाती छत्तीस, कंबर एकतीस, बाही दंडाला सैल.

खिडकी पोट आत घेत नाही.
म्हणून एप्रिल लागला की मला पडद्यांचं काम बरं वाटतं.
धरमपेठेत खळतकर काकूंच्या हॉलमध्ये
चार वाजता ऊन थेट सोफ्यावर येऊन बसतं
न कळवता आलेल्या व्याह्यासारखं.
तिथे दुहेरी अस्तर, पांढरी बाजू बाहेर.
खिडकी मुकाट उभी राहते, पण सरळ एकही नसते.
डावीकडे चौऱ्याऐंशी, उजवीकडे साडेत्र्याऐंशी.
मिस्त्रीची चूक मी खालच्या दुमडीत लपवते,
काकूंना सांगत नाही.
माणसांच्या खांद्यांचंही तसंच असतं,
तेही सांगत नाही.

गोळीबार चौकातल्या आमच्या खोलीत
सासऱ्यांच्या मागाचा खड्डा होता.
त्यावर फरशी टाकून मी मशीन ठेवली.
जोरात पायडल मारलं की खालून पोकळ आवाज येतो.
गिऱ्हाईक म्हणतं, बाई, मशीनला तेल द्या.

हुमेरा आपा मोमिनपुऱ्याहून गराऱ्याचं कापड आणते,
ईदच्या आधी पाहिजे, भाभी,
आणि ईदच्या आधी म्हणजे आदल्या रात्री साडेदहा.
तान्ह्या पोळ्याला गल्लीतली पोरं
लाकडी बैल काखेत मारून दारात उभी:
झूल पाहिजे, चमकीवाली.
मी बैलाचंही रीतसर माप घेते.
पोटाचा घेर साडेअकरा.
बैल काही बोलत नाही.

घरचं काम थप्पीच्या तळाशी.
ह्यांच्या पँटीची शिवण दिवाळीपासून उसवलेली,
आमच्याच कूलरवर जुन्या चादरीचा तुकडा,
आणि विचारलं की माझं ठरलेलं:
करून राहिली नं.

तेजूचा फोन आला हैदराबादहून.
भाड्याचं घर, गॅलरीला काचेचं दार,
समोरच्यांना भाजी कोणती केली तेही दिसतं.
आई, पडदा शिवून पाठव.
माप?
टेप नाही गं. हाताने मोजलं. उंची दहा वीत.

वही काढली.
चौथीचा फ्रॉक. आठवीचा युनिफॉर्म.
कॉलेजचा पहिला कुर्ता,
ज्याच्या गळ्यावरून दोन दिवस अबोला होता.
खांदा, मुंढा, पाठीची उंची, सगळं होतं.
वीत नव्हती.
पंजाचं माप कोण घेतं?
नागपुरात हातमोजे कोण शिवतं?

परत फोन करता आला असता. नाही केला.
टेबलावर माझा पंजा ताणून पसरला: आठ इंच.
आठ दाहे ऐंशी.
गांधीबागेतून जवसाच्या फुलासारखं निळं कापड आणलं,
वर कड्यांपुरतं वेगळं धरलं,
दुमडीत चार बोटं माया.
शिवणीच्या आत राहणाऱ्या कापडाला मायाच म्हणतात,
यात माझं काही नाही,
इतवारीतला कुठलाही शिंपी म्हणेल.

पार्सल पोचलं.
आई, पाच इंच लोळून राहिला फरशीवर.
म्हटलं, लोळू दे, येशील तेव्हा आण.

फोन ठेवला आणि खडूनेच हिशेब मांडला टेबलावर.
दहा वितींत पाच इंच,
एका वितीत अर्धा.
म्हणजे एकोणतीस वर्षांची झाली,
स्वतःच्या नावाने भाडं भरते,
आणि हात अजून माझ्यापेक्षा अर्ध्या इंचाने लहान.

कुर्त्याच्या मापाखाली दोन ओळींची जागा होती.
वीत: साडेसात.
तारीख घातली.

मग थप्पीच्या तळातून
ह्यांची पँट ओढून काढली.