एक गुंठा

दोन ब्युरेटा, मध्ये साठ अंशांचं पाणी.
एकीतून तांबं, जस्त, थोडं ॲल्युमिनियम,
मोरचुदाच्या निळ्यात विरघळलेलं;
दुसरीतून सोडा, थेंबाला थेंब.
सामू सातावर धरायचा.
तो ढळला की जो तो आपल्या वेळेला खाली बसतो,
तांबं आधी, जस्त मागून,
आणि शेजार काही होत नाही.

पहिल्या खेपेला मी घाई केली.
सुपडू आप्पा स्टूल पुसता पुसता म्हणाले,
"हाई कढी शे माय, फाटी जाई."
फाटलीच.

दुसऱ्या खेपेला लाइट गेली.
ढवळणी थांबली, मी काचेच्या कांडीनं
पावणेदोन तास हात फिरवला.
जळगावचा मे. घाम गाळात पडू नये म्हणून
कपाळाला आप्पांचा पंचा.
मग मुरायला ठेवला. निळा होता,
कुणी न सांगता हिरवट झाला.

धुणं मात्र संपेना.
इथल्या बोअरच्या पाण्यानं किटलीत दगड बसतो, ते चालत नाही;
डिस्टिल्डचे कॅन संपले तेव्हा
अजिंठा चौफुलीच्या बॅटरीवाल्याकडून आप्पांनी दोन आणले,
पैसे अजून द्यायचेत.
सातव्या पाण्याला सोडियम सुटला.

भट्टी साडेतीनशेवर.
आतलं पाणी जातं, कार्बन डायऑक्साइड जातो,
जाताना आपापली जागा रिकामी ठेवून जातात.
आम्हाला हवी असते ती तेवढीच.
जाळ वाढला तर भिंती भिंतींना चिकटतात,
खोल्या बुजतात.
सकाळी दार उघडलं: हिरवं नाही, काळंभोर.

पुण्याहून आकडा आला.
एका ग्रॅमला एकशे एक चौरस मीटर.

आमचे अण्णा एरंडोलला मोजणीदार होते.
तेहतीस फुटी साखळी, सोळा आणे;
अजून चालताना पावलं मोजतात.
फोनवर बोलले नाही, रविवारी बाटलीच घेऊन गेले.
म्हटलं, अण्णा, या चिमटीत एक गुंठा आहे.
त्यांनी चष्मा लावला.
"हद्दीचे दगड?"
नाहीत. आतल्या आत वळत जातं.
"मग साखळी कशी टाकली?"
नायट्रोजनची. एकेक रेणू अंथरून.

बराच वेळ काही नाही.
मग हात पुढे केला. मी बाटली कलती केली.
"काळी जमीन," म्हणाले,
आणि हात तसाच धरून
आत आईला हाक मारली,
पंखा बंद कर.