उरलेलं

क्वार्टर गेटजवळ, चर्चच्या मागच्या खोलीत
आम्ही तीन गोधड्या टांगल्या,
एक खिडकीला, दोन दाराला,
पंखा बंद केला
आणि त्रिभुवनकाकांना माइकसमोर बसवलं.

पुस्तक माझ्या पणजोबांच्याही आधीचं.
मुखपृष्ठ गेलेलं, लेखकाचं नाव त्याच्याबरोबर गेलेलं.
एवढंच कळतं की कुठल्याशा खेड्यात पाळक होता
आणि शास्त्राच्या एकेका ओळीखाली
पान पान अर्थ लिहीत होता,
मधूनच बैल आजारी असल्याचंही.
जुनी लिपी: नाहींवर टिंब, कांवर टिंब,
घरांत शिरावं तर तिथेही टिंब.
ही सगळी नाकातून काढायची का,
काकांनी पहिल्याच दिवशी विचारलं.
शलोमीबाई म्हणाल्या, नुसती बघायची.

काका एसटीत कंडक्टर होते, एकतीस वर्षं.
आवाज असा, की अध्याय बदलला
तरी वाटावं शिरूर आलं, उतरा.
वाक्य संपलं की नखाने टेबलावर टक् टक्,
तिकीट पंच केल्याशिवाय पुढे सरकायचं नाही.
ते टक् टक् पुसणं हे माझं काम.
रात्री हेडफोन लावून मी खोकला काढते, आवंढा काढते,
वरच्या ओहोळबाईंच्या कुकरची शिट्टी काढते.
घोरपडीकडून आलेलं इंजिन मात्र निघत नाही,
तेवढं पुन्हा वाचावं लागतं.

सहाव्या अध्यायात माणसं गवतावर बसून जेवली,
आणि पोटं भरल्यावर
उरलेले तुकडे टोपल्यांतून गोळा झाले.
त्याखाली पाळकाने लिहिलं होतं:
एवढ्यांना जेवूं घालणाऱ्यास
उष्ट्या तुकड्यांची काय पडली होती,
तें मला उमगलें नाहीं.
कोणा वाचकास उमगल्यास कृपा करून कळवावें.

काका थांबले.
मला वाटलं, पानं चिकटली असतील.
गोधडीच्या फटीतून पाहिलं, तर चष्मा हातात,
आणि बघतायत माइककडे.

"पाळकसाहेब," ते म्हणाले,
"सुट्टे नसले की आम्ही तिकिटामागे लिहायचो.
आठ आणे. रुपया. खाली सही.
म्हाताऱ्या झोपून जायच्या, पोरं रडायची,
फाटा आला की गडबडीत सगळी उतरायची.
रात्री डेपोत हिशेब लावला
की कॅश जास्त भरायची.
ती माझी नव्हती. महामंडळाचीही नव्हती.
सुप्याला उतरलेल्या कुणाची तरी होती.
मी पुरचुंडी बांधून ठेवायचो, आठ-आठ दिवस.
तीन वेळा आलं हो कोणीतरी मागायला.
एकतीस वर्षांत तीन.
पण आलं."

मग टक् टक्,
आणि पुढची ओळ, मध्ये काही झालंच नाही अशी.

शलोमीबाईंचा नियम साधा:
पुस्तकात नाही ते ऐकू येता कामा नये.
ऐकणाऱ्यांत अंधशाळेची मुलं आहेत,
त्यांना वाटायचं, हेही छापलेलंच.
बरोबर आहे त्यांचं.
मी कापलं. एकावन्न सेकंद.
दोन्ही कडा जुळवल्या, सांधा कळतसुद्धा नाही.
पाळक म्हणतो, कळवावें,
आणि लगेच पुढचं वचन,
इतकी वर्षं चाललं होतं तसंच.

कापलेलं टाकवेना मात्र.
वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलंय.
नाव काय द्यावं म्हणून कर्सर लुकलुकत राहिला बराच वेळ,
मग लिहिलं: सुट्टे.

काकांना अजून सांगितलेलं नाही.
गुरुवारी सातवा अध्याय.
कुकर सातनंतर लावा म्हणून सांगायला
ओहोळबाईंकडे पुन्हा मलाच जायचंय.
गेल्या खेपेला त्या दारातच म्हणाल्या,
वाचता ते वाचता, वर गोधड्या लावून वाचता,
आम्ही काय पाप केलंय?